पालथ्या भांड्यावरची ओळ

सुविचार म्हटला की माझं डोकं उठतं. आमचे मामाजी रोज सकाळी गुलाबाच्या फुलावर एक सुविचार चिकटवून घरच्या ग्रुपवर टाकतात. राग गिळा, मन जिंका, अशा थाटाचा. तो टाकून झाला की अंगणात उतरून दूधवाल्याशी भांडतात. सुविचार सकाळपुरता आणि माणूस दिवसभराचा, हे मी लहानपणापासून पाहत आले आहे. तेव्हा सुविचार लिहिणाऱ्या एका माणसाचं मी कौतुक करत बसेन असं कोणी म्हटलं असतं, तर त्याला मी दुकानाबाहेरचा रस्ता दाखवला असता.

दुकान आमचं भंडाऱ्याच्या बाजारात, पितळेच्या भांड्यांचं. बाबांच्या गुडघ्यांनी साथ सोडली तेव्हापासून गल्ल्यावर मी बसते. मी गुंजन. गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की माझा आवाज चढतो आणि तो पार चौकापर्यंत जातो म्हणतात. फक्त एका माणसाला तो ऐकू जात नाही, कारण त्याचा डावा कान बंद आहे आणि तो नेमका डावा कान माझ्याकडे करून बसतो. तेच यादोराव काकाजी. आमच्या ओट्यावर गोणपाट टाकून ते भांड्यांवर नावं घालतात.

तरुणपणी ते पितळ ठोकायच्या कारखान्यात होते. दिवसभर गुंड घडवायचे. आमच्याकडे पाणी भरायच्या मोठ्या पितळी भांड्याला गुंड म्हणतात, उगाच दुसरं काही समजू नका. त्या ठोकाठोकीत डावा कान गेला. पुढे घरोघरी स्टील आलं, कारखान्याला कुलूप लागलं आणि काकाजींनी मोठा हातोडा ठेवून लहान हातोडी उचलली. छिन्नीचं टोक टेकवायचं, वरून हलकी टिचकी मारायची, ठिपक्याला ठिपका लावत अक्षर उमटवायचं. आता बाजारात विजेची पेन आली आहेत, घूं घूं करत क्षणात नाव काढून देतात. काकाजींच्या हाताला वेळ लागतो. पण त्यांच्या अक्षराला गिऱ्हाईक थांबतं, हे मी गल्ल्यावरून रोज बघते.

नाव भांड्याच्या खांद्यावर येतं. कोणी दिलं, कोणाला दिलं, कोणत्या निमित्तानं. एवढं सगळे नावं घालणारे करतात. काकाजी त्यापुढे एक गोष्ट करतात. गिऱ्हाईकानं हो म्हटलं तर भांडं पालथं करतात आणि बुडावर एक ओळ घालतात. भांडं ओट्यावर मांडलं तर ती ओळ दिसत नाही. ती दिसते फक्त भांडं घासणाऱ्या माणसाला, कारण पालथं तोच घालतो.

यामागे त्यांची आई आहे. ती लोकांच्या घरची भांडी घासायची. शाळेचं तोंड तिनं कधी पाहिलं नव्हतं. पण राखेनं भांडं घासता घासता त्यावरच्या नावांवरून बोट फिरवायची, मालकिणीला विचारायची, बाई हे कोणतं अक्षर. अशी ती वाचायला शिकली. काकाजींनी हे मला सांगितलं तेव्हा दुकानात कोणी नव्हतं, आणि त्यांचा हात थांबला होता.

"बाई, माही माय वाचायले शिकली खरी," ते म्हणाले. "पण जिंदगीभर तिले वाचायले काय भेटलं? दुसऱ्यायची नावं. म्हणून म्हटलं, खांद्यावरचं नाव देणाऱ्याचं राहू दे. बूड घासणाऱ्याचं."

हे ऐकल्यावर मला त्यांच्या ओळींवर चिडता येईना. तरी शंका होतीच की हे म्हातारबुवा भांड्यांवर मामाजींसारखे गुलाब उमलवणार. पण काकाजींचा नियम कडक. फोनमधला सुविचार चालत नाही, कॅलेंडरवरचा चालत नाही, पुस्तकातला तर नाहीच. तुमच्या घरात कोणी खरोखर जे म्हणतं, तेच हवं. नियम ऐकून गिऱ्हाईक गोंधळून जातं. आमच्या घरात कोण काय चांगलं म्हणतं? नवरा-बायको एकमेकांकडे पाहायला लागतात. मग कोणाला तरी आठवतं. किती तरी भांड्यांच्या बुडावर काकाजींनी 'जेवला का' एवढंच घातलं आहे. एक पोरगी लग्नाचा डबा घेऊन आली, म्हणाली आमचे बाबा एकच गोष्ट म्हणतात, 'लाईट बंद केली का'. मी हसले. काकाजी हसले नाहीत, त्यांनी घातलं. पुढच्या दिवाळीत ती माहेरपणाला आली तेव्हा मुद्दाम दुकानात येऊन सांगून गेली की सासरी डबा घासताना ती ओळ बोटाला लागली आणि तिला बाबांची इतकी आठवण आली की उठून घरभर दिवे बंद करत फिरली.

मलाही त्यांनी एक ओळ घालून दिली आहे. आमच्या चहाच्या पातेल्याच्या बुडावर. बाबांचं वाक्य आहे: 'हळू बोल, मी इथंच आहो'. रोज पातेलं घासताना मी नाक मुरडते. पण खरं सांगायचं तर त्यानंतरचं पहिलं गिऱ्हाईक माझ्या तावडीतून सुखरूप सुटतं.

आणखी एक गंमत. काकाजींना खर्ऱ्याचं व्यसन होतं. सुपारी-तंबाखू घोटून केलेला खर्रा दिवसभर गालात. डॉक्टरनं दम दिला, सोडला, पण तोंडाला सवय होती काहीतरी चघळायची. मग त्यांनी ठरवलं की सकाळी जी पहिली ओळ घालू, ती दिवसभर चघळायची. तशी चालते का पाहायची. 'जेवला का' असली की ओट्यावर येणाऱ्या प्रत्येकाला विचारायचे, पोस्टमनलाही. एकदा कोणाच्या तरी आजीची 'राहू दे, लहान आहे' अशी ओळ आली. त्या दिवशी माझ्या हातून त्यांचा चष्मा ओट्यावरून पडून फुटला. मी कानकोंडी झाले. काकाजी तुकडे गोळा करत मिश्कीलपणे म्हणाले, "राहू दे, लहान आहे." माझं लग्नाचं वय उलटून चाललंय म्हणून आई रडते, आणि मी या माणसाच्या लेखी लहान. त्या दिवशी मला फार बरं वाटलं. देवळात गेल्यावर वाटायला हवं असं जे म्हणतात, ते मला या ओट्यावर कधी कधी वाटतं.

आता ज्या चुकीमुळे हे लिहायला घेतलं ती सांगते. यंदाचा लगीनसराईचा मोसम. ओटा भांड्यांनी भरलेला. एकाच दिवशी दोन गुंड आले, दोन्ही आमच्याच दुकानातले, एकाच मापाचे.

एक लग्नाचा. दामिनी नावाची मुलगी आईला घेऊन आली होती. तुमसरच्या पलीकडे, नाकाडोंगरीला तिला दिली होती. जंगलाकडचं गाव, मुलगी वाढलेली भंडाऱ्यात, त्यामुळे तिचा चेहरा उतरलेला. काकाजींनी विचारलं तेव्हा तिच्या आईनं ओळ दिली, ती या दिवसांत मुलीला रोज जे सांगत होती तेच: 'नवं घर आहे. भेऊ नको, मी आहो'.

दुसरा कुंताबाईंचा. या पवनीकडच्या एका गावच्या. त्यांचे यजमान धनीराम नुकतेच वारले होते. पुण्यानुमोदनाला, म्हणजे गेलेल्या माणसासाठीच्या विधीला, त्यांच्या नावानं गावातल्या विहाराला गुंड दान द्यायचा होता. काकाजीही बौद्धच, दर पौर्णिमेला पांढरे कपडे घालून विहारात जाणारे. त्यांनी जय भीम करून बाईंना बसवलं आणि ओळ विचारली. कुंताबाईंना फार आठवावं लागलं नाही.

"थे बांधीतून आले का मी रोज म्हनो," त्या म्हणाल्या. बांधी म्हणजे धानाचं शेत. "बसा आता. बाकीचं मी पाहीन."

"मंग बसत होते?" काकाजींनी विचारलं.

"नाही. कधीच बसले नाही. गायीले चारा टाकून येतो, म्हनत आन् निंघून जात."

काकाजींनी दोन्ही गुंडांच्या खांद्यावर नावं घातली. ताज्या पॉलिशला बोटांचे डाग लागू नयेत म्हणून नावांवर ओलं फडकं गुंडाळायची त्यांची पद्धत आहे. मग गुंड जुन्या लुगड्याच्या चुंबळीवर पालथे ठेवायचे आणि बुडाचं काम करायचं. पालथे, गुंडाळलेले, एकाच मापाचे दोन गुंड. कोणता कोणाचा, हे फडकं सोडून पाहायला हवं होतं. त्या दिवशी त्यांनी सोडलं नाही.

आम्हाला कळलं ते बुद्ध पौर्णिमेनंतर. कुंताबाई एसटीनं आल्या, बाजारातून चालत ओट्यापाशी आल्या आणि पिशवीतून गुंड काढून काकाजींपुढे पालथा घातला.

"वाचा," म्हणाल्या.

काकाजींनी वाचलं. नवं घर आहे, भेऊ नको, मी आहो. धनीरामांच्या स्मृतीच्या गुंडावर.

झालं असं की विहारात खिरीचा कार्यक्रम होता. संध्याकाळी बाया भांडी घासायला बसल्या. एका मुलीनं ओळ मोठ्यानं वाचली. कोणीतरी म्हणालं, धनीरामभाऊंना नवं घर भेटलं वाटते. हशा झाला. मग एका जाणत्या माणसानं विचारलं की आपण आत्मा मानत नाही, गेलेला माणूस कोणत्या नव्या घरी जातो, आणि हे विहाराच्या भांड्यावर कसं आलं. कुंताबाईंना मान वर करता येईना. ज्या माणसानं गावात विहार उभा राहावा म्हणून डोक्यावरून विटा वाहिल्या, त्याच्याच नावाच्या गुंडावर असलं काही.

"मी तुमाले कायले वाईट बोलू," त्या काकाजींना म्हणाल्या. "पण माह्या मानसाचं हसं झालं."

काकाजींनी हात जोडले. सबब एकही सांगितली नाही. कानस घेतली, ती ओळ घासून काढली, बुडाला चकाकी दिली आणि बाईंच्या समोर, त्यांना मोठ्यानं वाचून दाखवत, त्यांची ओळ घातली. कुंताबाईंनी त्यावरून बोट फिरवलं. त्यांचा चेहरा जरा सैल झाला. आणि मग त्यांनीच तो प्रश्न विचारला, जो विचारायचं मी केव्हाची टाळत होते.

"मंग माही ओळ कुठं गेली?"

काकाजी म्हणाले, "नवरीच्या गुंडावर."

कुंताबाईंनी पदर तोंडाला लावला. मेलेल्या माणसासाठी सांगितलेली ओळ नव्या नवरीच्या आंदणातल्या भांड्यावर. पहिलं पाणी सुनेनं त्याच गुंडानं भरलं असणार. सासरच्यांना कळलं की ही मयताची ओळ आहे, तर त्या पोरीला कोणत्या पायगुणाची ठरवतील, हे आमच्या भागातल्या कोणालाही सांगावं लागत नाही. शिवाय मुलगी आधीच घाबरलेली होती.

"जा," कुंताबाई म्हणाल्या. "उद्याच जा."

दुसऱ्या दिवशी मी बाबांना गल्ल्यावर बसवलं आणि काकाजींबरोबर निघाले. एक तर भांडं आमच्या दुकानातलं, आणि काकाजींना कंडक्टरचं निम्मं ऐकू येत नाही. भंडाऱ्याहून तुमसर, तुमसरहून दुसरी गाडी. वैशाखाचं ऊन, खिडकीला हात लावला तर चटका. काकाजी पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. आत हातोडी, छिन्नी, कानस, फडकं. मी त्यांच्या उजव्या कानाशी वाकून विचारलं, आज कोणती ओळ चघळताय.

"आज कोनतीच नाही," ते म्हणाले. मग स्वतःहून बोलले. "बाई, मी समजत होतो का मी चांगलं काम करून राहिलो. आता वाटते, लोकायच्या घरातलं बोलनं उचलून भांड्यावर टाकाची मले काय गरज होती? नाव घालाचं, घरी जाचं. त्या पोरीले जर ह्या ओळीनं तरास झाला असंल, तं आजपासून बूड बंद. निरा नाव."

मला एकाएकी भीती वाटली की परतताना हा माणूस नुसता नावं घालणारा झालेला असेल. ज्या ओळींना मी वर्षानुवर्षं नाकं मुरडली, त्यांच्यासाठी मी त्या गाडीत मनातल्या मनात हात जोडत होते. मामाजींना कळलं असतं तर त्यांनी त्यावरही एक गुलाब टाकला असता.

नाकाडोंगरीच्या अलीकडे मँगनीजचे ट्रक लागले, रस्त्याकडेची झाडं काळपट. दिवस तेंदूपत्त्याचे होते. घरोघरी अंगणात त्या विडीच्या पानांचे ढीग, बाया सावलीला बसून पुडके बांधत होत्या. सचिनचं घर विचारत गेलो. सचिन म्हणजे दामिनीचा नवरा, तो खाणीवर कामाला गेलेला होता.

अंगणात कडुनिंबाखाली खाट होती. खाटेवर एक थोराड बाई पाय वर घेऊन बसली होती. खाली पानांच्या ढिगापाशी दामिनी पुडके बांधत होती. तिनं मला ओळखलं, मग काकाजींना ओळखलं, आणि तिच्या हातातला पुडका सुटला. मला काय समजायचं ते समजलं. सून खाली कामाला, सासू खाटेवर. माझा आवाज घशापर्यंत आला होता. पातेल्याच्या बुडावरची ओळ आठवून तो गिळला.

खाटेवरची बाई म्हणजे सासू, धुरपताबाई. आम्ही भंडाऱ्याच्या भांड्याच्या दुकानातून आलो म्हटल्यावर ती खाटेवरून उतरलीच. आम्हाला तिथं बसवलं, स्वतः आतून पाणी आणलं. पाणी त्याच गुंडातलं होतं, उघड्या दारातून तो कोपऱ्यात चकाकताना दिसत होता.

"गुंडावर थे अक्षर तुमीच घातले का?" तिनं काकाजींना विचारलं.

"हाव," काकाजी म्हणाले. "त्याच्यासाठीच आलो."

"मंग आधी माहं ऐका," धुरपताबाई म्हणाली, आणि खाटेच्या कडेला टेकली. "मी चौथीपर्यंत शिकली. लग्न होऊन या घरी आली तवापासून पहाटे जंगलात जाऊन तेंदूपत्ता तोडतो, मोहफूल वेचतो, दुसऱ्याच्या बांधीत रोवण्याले जातो. घरी आल्यावर चूल. सासूनं कधी म्हटलं नाही, नवऱ्यानं कधी म्हटलं नाही, का बस जराशी. त्यायचा दोष नाही, म्हणाची रीतच नाही. सून आली. गुंड थेच घासे, मले हात लावू देत नोहती. एक दिवस थे विहिरीवर गेली आन् मी घासाले घेतला. पालथा केला. एक एक अक्षर लावलं. बसा आता. बाकीचं मी पाहीन."

तिनं पदरानं डोळे पुसले, लपवले नाहीत.

"तिथंच राखेत बसली मी. सून आली तं विचारलं, हे तू माह्यासाठी लिवून आनलं का? हाव म्हणाली. तवापासून माह्याआधी उठून पत्त्याले जाते. शहरातली पोरगी. हात पाहा तिचे. मी म्हणतो राहू दे, तं म्हणते, तुमी बसा."

मी दामिनीकडे पाहिलं. ती पानांकडे बघत होती. माझ्या लक्षात आलं की हिला पहिल्याच दिवशी कळलं होतं, ही ओळ आईची नाही. कोणाची आहे ते मात्र कळलं नव्हतं. म्हणून ती गुंड कोणाला घासू देत नव्हती. आणि सासूनं विचारल्यावर भीतीनं म्हणा, मायेनं म्हणा, हो म्हणून गेली.

माझ्या मते विषय तिथंच संपला होता. पाणी प्यायचं, पिशवी उचलायची, चला. मी काकाजींच्या दंडाला चिमटा काढला. पण काकाजी पौर्णिमेला पाच शीलं घेतात आणि चौथं शील खोटं न बोलण्याचं आहे. त्यांनी डावा कान माझ्याकडे केला.

"बाई," ते धुरपताबाईला म्हणाले, "थे ओळ ह्या पोरीची नाही. माही चूक झाली." आणि सगळं सांगितलं. कुंताबाई, धनीराम, विहाराचा गुंड, ओलं फडकं. ही ओळ एका गेलेल्या माणसाच्या नावानं सांगितलेली होती, हेही सांगितलं. म्हणाले, तुम्ही म्हणाल तर आत्ता घासून काढतो, म्हणाल तर गुंड बदलून देतो, पण पोरीला बोल लावू नका, तिचा यात काही हात नाही.

दामिनी उठून उभी राहिली होती. "आई, मी खोटं बोलली," एवढं म्हणाली आणि रडायला लागली.

धुरपताबाईनं आधी तिच्याकडे पाहिलं.

"बोलली तं बोलली," ती म्हणाली. "रोज पहाटे पत्त्याले गेली थे खोटं होतं का?"

मग काकाजींकडे वळली. "त्या बाईचा मानूस गेला म्हणता. पण म्हननारी तं आहे नं?"

"आहे."

"मंग मयताची कशी होईल ओळ? जित्या बाईचं बोलनं आहे. चांगली बाई असंल. मी माह्या नवऱ्याले असं एक डाव बी म्हटलं नाही." तिनं जरा विचार केला. "घासू नका. राहू द्या. तिले सांगजा, तिचं बोलनं आमच्या घरी कामी आलं."

काकाजींनी मान खाली घातली.

बाईचं अजून संपलं नव्हतं. "आन् पोरीची ओळ कोनती होती?" तिनं विचारलं. दामिनीनं डोळे पुसत सांगितलं. नवं घर आहे. भेऊ नको, मी आहो. धुरपताबाईनं आत जाऊन गुंड रिकामा केला, स्वतः उचलून आणला आणि काकाजींपुढे पालथा घातला.

"हे बी लिवा. तिच्या मायनं म्हटलं आन् माह्याकडून बी."

काकाजींनी पिशवी उघडली. दामिनीनं डोक्यावर पाणी वाहायची चुंबळ आणून दिली, त्यावर गुंड बसवला. या वेळी खांद्यावर फडकं गुंडाळायच्या आधी त्यांनी नाव वाचलं, मोठ्यानं, आणि मलाही वाचायला लावलं. मग छिन्नी टेकवली. टिक, टिक, टिक, कुंताबाईंच्या ओळीखाली दुसरी ओळ उमटत गेली. पुडके बांधायचं सोडून शेजारच्या बाया कुंपणापाशी आल्या. एकीनं विचारलं, आमच्या घरी पण येता का. काकाजी हाताखालून नजर न काढता म्हणाले, "येतो. पण फोनमधलं नाही चालत. घरी कोन काय म्हणते थे आठवून ठेवा." त्यावर माझा जीव भांड्यात पडला. त्या बाया मात्र एकमेकींकडे पाहायला लागल्या, सगळे पाहतात तशाच.

परतताना तुमसरच्या स्टँडवर गाडीला वेळ होता. काकाजी म्हणाले, कुंताबाईले फोन लाव, थे तिकडं जीव मुठीत धरून बसली असंल. मी कुंताबाईंना फोन लावला आणि काकाजींच्या उजव्या कानाला धरला, आवाज मोठा करून. त्यांनी सगळं सांगितलं, धुरपताबाईचा निरोप शब्दाला शब्द सांगितला. पलीकडे कुंताबाई हूं हूं करत ऐकत होत्या. पोरीला बोल लागला नाही ना, हे त्यांनी दोनदा विचारून घेतलं.

मग म्हणाल्या, "भाऊ, थे बाई बसली का पन?"

"बसली," काकाजी म्हणाले. "आमी गेलो तवा खाटेवर होती. पाय वर घेऊन."

मी फोन काकाजींच्या कानाला आणखी घट्ट धरला.

"बरं झालं," कुंताबाई म्हणाल्या. "माहं ऐकून कोनीतरी बसलं."